वुयीचा चहा, वसईचा किनारा

१६६२ साली इंग्रजांच्या वतीने सर अब्राहम शिपमन मुंबई ताब्यात घ्यायला आला, तेव्हा मुंबईचा कारभार वसईहून चालत होता. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना तोडून दिली, आणि पुढे वसईच्या कोटात बसणारा उत्तरेचा कॅप्टन दमणपासून चौलपर्यंतच्या ठाण्यांवर हुकमत गाजवू लागला. मुंबई हे त्या पसाऱ्यातले एक लहानसे बेट. जून १६६१ च्या विवाह-तहात लिस्बनच्या दरबाराने हेच बेट राजकन्या कॅथरीनसोबत इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला आंदण दिले. इकडच्या पोर्तुगीज जमीनदारांना ते मुळीच रुचले नाही. गोव्याच्या व्हाइसरॉयने कागदपत्रांत खोट काढून ताबा नाकारला. शिपमनची फौज कारवारजवळच्या अंजदीव बेटावर ताटकळत राहिली, तापाने आणि उपासाने झिजली. खुद्द शिपमन १६६४ मध्ये तिथेच वारला. अखेर १८ फेब्रुवारी १६६५ रोजी त्याच्या जागी आलेल्या हंफ्री कुकने मुंबई घेतली, पण साष्टी आणि वसई पोर्तुगीजांनी सोडली नाही.

ज्या लग्नासाठी वसईच्या अंमलातून मुंबई गेली, त्याच लग्नाबरोबर इंग्लंडच्या दरबारात चहा पिण्याची रीत रुजली. मकाव १५५७ पासून पोर्तुगीजांच्या हाती असल्याने लिस्बनच्या बड्या घरांत चिनी चहा आधीच पोहोचला होता आणि कॅथरीनला त्याची सवय होती. १६६४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने राजाला दोन पौंडांहून थोडा अधिक चहा नजर केला. १६६९ मध्ये कंपनीने जावातल्या बँटमहून चहाचा पहिला माल लंडनला उतरवला, तो अवघा १४३ पौंडांचा. त्याच्या आदल्याच वर्षी राजाने मुंबई वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीला देऊन टाकली होती.

पुढच्या शतकात आयात चहाचा आकडा लाखो पौंडांवर गेला. त्यातला मोठा वाटा चीनच्या फूच्येन प्रांतातल्या वुयी डोंगरांचा होता. इंग्रज व्यापारी त्या मालाला ‘बोही’ म्हणत.

वुयीचा डोंगर तांबड्या वालुकाश्माचा आहे. त्याच्या उभ्या कड्यांमधून नऊ वळणे घेत एक नदी वाहते. कड्यांच्या फटींत आणि अरुंद घळींत दगडी बांध घालून, त्यामागे माती साठवून चहाची झाडे लावलेली दिसतात. ऊन थोडाच वेळ पोहोचते, धुके रेंगाळते, पाणी खडकातून झिरपत मुळांशी येते, आणि झिजलेल्या दगडाची खनिजे मातीत उतरतात. म्हणूनच त्या चहाला तिथे ‘यानचा’, म्हणजे कातळावरचा चहा, म्हणतात. १३०२ साली युआन बादशहांनी नदीच्या चौथ्या वळणावर सरकारी चहाबाग उभारली. दरबाराला पुरवायच्या चहाचे ओझे शेतकऱ्यांवर इतके पडले की सोळाव्या शतकाच्या मध्याला मिंग राजवटीत ती बंद पडली.

चहाचा खरा गुण ठरतो तो मात्र बाग आणि भट्टी या दोहोंच्या मधल्या कामात. तोडलेली पाने आधी उन्हात मलूल करतात. मग बांबूच्या रुंद ताटांत रात्रभर थोड्या थोड्या वेळाने हलवतात, त्यामुळे कडा ठेचाळून लालसर होतात आणि मधला भाग हिरवाच राहतो. योग्य क्षणी तापल्या कढईत टाकून ही क्रिया थांबवतात, पाने वळतात, आणि कोळशाच्या मंद आचेवर पुन्हापुन्हा भाजतात. हा ऊलाँग, हिरव्या आणि काळ्या चहाच्या मधला. प्याल्यात त्याचा रंग गडद मधासारखा उतरतो. आधी भाजल्याचा वास, मग फळाफुलांचा, आणि घोट गिळल्यावर घशाशी बराच वेळ रेंगाळणारा, ओल्या दगडाची आठवण देणारा एक स्वाद येतो. ‘रौक्वेइ’ नावाच्या वाणाला चक्क दालचिनीचा गंध असतो. दूध-साखरेत उकळला तर यातले काहीच उरत नाही. म्हणून तो चिमुकल्या किटलीत, कढत पाण्यात, थोडा थोडा वेळ मुरवून एकाच पानावर अनेकदा काढतात.

याच डोंगररांगेतल्या थोंगमू गावचा चहा अगदी निराळा. तिथे पाने पूर्ण काळवंडू देतात आणि पाइनच्या लाकडाच्या धुरावर सुकवतात. बाहेरच्या जगात तो लापसांग सूशाँग म्हणून गाजला. सतराव्या शतकात लष्कराने गावात तळ ठोकल्यामुळे चहा करायला उशीर झाला, आणि माल वाचवण्यासाठी तो धुरावर सुकवला, अशी तिथली आख्यायिका आहे.

आपल्या किनाऱ्यावर या मालाची नोंद लवकर सापडते. १६३८ मध्ये सुरतेत आलेल्या मांडेल्स्लो या जर्मन प्रवाशाने तिथल्या रोजच्या बैठकींत चहा घेतला जात असल्याचे लिहिले आहे. जॉन ओव्हिंग्टन हा पाद्री १६८९ मध्ये मुंबईत उतरला आणि पुढे सुरतेच्या वखारीत राहिला. १६९९ मध्ये लंडनला त्याने चहावर छोटे पुस्तक छापले, त्यात बोहीची जात वेगळी काढून वर्णन केली. इंग्लंडमधल्या वाचकाला चहा समजावून सांगणारा हा माणूस चहा शिकला तो पश्चिम हिंदुस्थानात, हे विसरता कामा नये.

१७८४ मध्ये इंग्लंडने चहावरचा जबर कर शेकडा साडेबारावर आणला आणि मागणी उसळली. पण चिनी व्यापारी मोबदल्यात चांदी मागत, विलायती कापड त्यांना फारसे नको होते. ही अडचण मुंबईने सोडवली. आधी गुजरातचा कापूस चीनच्या कँटन बंदरात जाऊ लागला, आणि मग माळव्याची अफू. तिच्या मोठ्या भागाचे पीक शिंदे-होळकरांच्या मुलखात निघे. इंग्रजांचा जकातपहारा चुकवण्यासाठी तिचे तांडे वळसे घालून वसईच्या उत्तरेला, पोर्तुगीजांच्या दमण बंदरात उतरत. १८३१ नंतर कंपनीने परवाने देऊन हा माल मुंबईमार्गे नेण्याची मुभा दिली, कारण त्याला अडवणे तिला जमले नाही. चीनमध्ये अफूवर बंदी होती. हे सगळ्यांना ठाऊक असूनही व्यापार चालला, आणि आपल्याकडच्या इतिहासात या भागाला फार तर दोन ओळी मिळतात, याची खंत वाटायला हवी.

मुंबईचे व्यापारी जमशेटजी जीजीभाई यांचे नाव इथे येतेच. १७९९ मध्ये, सोळाव्या वर्षी, ते पहिल्यांदा चीनला गेले. अशा पाच सफरी त्यांनी केल्या. १८०५ च्या सफरीत त्यांचे ‘ब्रन्सविक’ जहाज फ्रेंचांनी पकडले. त्याच जहाजावर विल्यम जार्डिन नावाचा तरुण डॉक्टर होता. या ओळखीतून पुढे कापूस, अफू आणि चहाच्या व्यवहारातली मोठी भागीदारी उभी राहिली.

१८३९ मध्ये लिन झेशू या चिनी अधिकाऱ्याने कँटनजवळ २०,००० हून अधिक पेट्या अफू जप्त करून नष्ट केली. त्यात मुंबईच्या पेढ्यांचा माल होता. त्यावरून इंग्लंड आणि चीन यांच्यात युद्ध पेटले. २९ ऑगस्ट १८४२ रोजी नानकिंगचा तह झाला तो ‘कॉर्नवॉलिस’ या युद्धनौकेवर. ती १८१३ मध्ये जमशेटजी बोमनजी वाडियांनी मुंबईच्या गोदीत सागवानातून बांधली होती. या तहाने फूचौ बंदर उघडले. तोवर वुयीचा चहा हमालांच्या खांद्यावरून घाट ओलांडून, नद्या बदलत कँटनला पोहोचायचा. १८५३ पासून, ताइपिंग बंडाने जुन्या वाटा रोखल्यावर, तो मिन नदीतून थेट फूचौला उतरू लागला.

तेवढ्यात चीनची मक्तेदारीच सुटायला लागली होती. रॉबर्ट फॉर्च्यून हा स्कॉटिश वनस्पतितज्ज्ञ चिनी वेषात १८४९ मध्ये वुयीपर्यंत गेला. कंपनीसाठी त्याने काचेच्या बंद पेट्यांतून चहाची रोपे कलकत्त्यामार्गे हिमालयाच्या पायथ्याशी पाठवली; १८५१ मध्ये चिनी कारागीरही आणले. आसामात मात्र तिथलाच रानटी चहा जास्त टिकला. आसामच्या चहाचा पहिला लिलाव लंडनला १८३९ च्या जानेवारीत झाला होता, आणि १८८० च्या दशकाच्या शेवटी ब्रिटिश बाजारात हिंदुस्थानी चहाने चिनी चहाला मागे टाकले. पुढे १९३० च्या दशकात आसामात सीटीसी यंत्र आले. पाने चिरडून, फाडून, गोळी करणारे हे यंत्र कडक रंग आणि झटपट उतारा देते. दुधात उकळायला तेच बरे, म्हणून विरार-वसईच्या टपऱ्यांवर आणि घराघरांतल्या पातेल्यांत आज हाच चहा आहे, पावसाळ्यात गवती चहाची पात टाकून.

वुयीत मात्र कातळाचा चहा पुन्हा मोठ्या मानाला चढला. दा होंग पाओ या वाणाची कड्यावरची सहा जुनी झाडे २००५ मध्ये शेवटची तोडली. त्यानंतर ती जपण्यासाठी तोडणी बंद केली. त्यांच्या फांद्यांपासून केलेली रोपे डोंगरभर आहेत. १९९९ मध्ये वुयी डोंगर जागतिक वारसा यादीत आला.

चीनच्या व्यापारातून मुंबईत जमलेल्या पैशाचा एक भाग उत्तरेकडे, वसईच्या वाटेवर आला. माहीम आणि वांद्रे यांच्यामधल्या खाडीत होड्या उलटून माणसे बुडत असत. जमशेटजींच्या पत्नी आवाबाईंनी तिथल्या पुलासाठी पैसे दिले, आणि त्यावर टोल लावायचा नाही अशी अट घातली. पूल १८४५ मध्ये खुला झाला, आणि माहीमहून वांद्र्याला पायी व गाडीने जाता येऊ लागले. त्याच वर्षी जमशेटजींच्या देणगीतून उभे राहिलेले जे. जे. रुग्णालयही सुरू झाले. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून बॅकबेपर्यंत पहिली लोकल धावली, आणि वसईचा भाजीपाला, फुले आणि केळी शहराच्या बाजारात रोज पोहोचण्याची सोय झाली.