कांदिवलीच्या मोकळ्या प्लॉटवरचा पिवळा धोतरा : काटेरी म्हणजे आक्रमकच का?

रेल्वे रुळांची कडा, बांधकामाचा राडारोडा, रिकामा प्लॉट. कांदिवलीत अशा जागांवर पावसाळा सरला की एक काटेरी रोप डोकं वर काढतं. पांढऱ्या रेषांची निळसर हिरवी पानं, पिवळंधमक फूल आणि देठ मोडला की पिवळा चीक. हा पिवळा धोतरा. नावात धोतरा असला, तरी तो अफूच्या कुळातला आहे. काटेरी पानांमुळे अनेक जण त्याला 'थिसल' समजतात.

मग थिसल म्हणजे काय?

थिसल हे एका झाडाचं नाव नाही. सूर्यफुलाच्या कुळातल्या अनेक काटेरी वनस्पतींना इंग्रजीत थिसल म्हणतात. महाराष्ट्रातली उंटकटारी, म्हणजेच काटेचेंडू, त्यांपैकीच एक. कोरड्या माळरानावर वाढणारी ही वनस्पती इथलीच आहे. तिच्या गोल, काटेरी फुलोऱ्यावर मधमाश्या आणि फुलपाखरं येतात.

आक्रमक कोणाला म्हणायचं?

बाहेरून आलेली आणि इथे बेसुमार पसरून स्थानिक झाडांची किंवा पिकांची जागा बळकावणारी वनस्पती आक्रमक ठरते. काट्यांचा त्याच्याशी संबंध नाही. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पसरलेल्या रानमोडीला काटेच नसतात, तरी ती आक्रमक आहे. स्कॉटलंडमध्ये थिसल राष्ट्रीय चिन्ह आहे, तर युरोपातूनच गेलेल्या काटेरी कार्डूननं अर्जेंटिनाची गवताळ मैदानं व्यापल्याचं चार्ल्स डार्विननं १८३० च्या दशकात नोंदवलं होतं.

पिवळा धोतरा मूळचा मेक्सिको आणि आसपासचा. गुरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत. एका रोपातून हजारो बिया पडतात आणि त्या मातीत वर्षानुवर्षं टिकतात. खणलेली, उघडी पडलेली जमीन त्याला मानवते. त्यामुळे जिथे बांधकाम, तिथे त्याला आयती जागा मिळते.

खरा धोका बियांमध्ये

त्याच्या बारीक, काळपट बिया मोहरीसारख्या दिसतात. त्यांच्या तेलात सँग्विनरिन हे विषारी द्रव्य असतं. हे तेल मोहरीच्या तेलात मिसळलं गेलं, तर 'एपिडेमिक ड्रॉप्सी' हा आजार होतो. पाय सुजतात, धाप लागते, काहींच्या डोळ्यांतला दाब वाढतो आणि हृदयावर ताण येऊन जीवही जाऊ शकतो. १९९८ मध्ये दिल्लीत अशाच भेसळीमुळे ६० हून अधिक लोकांचा मृत्यू झाला होता. त्यानंतर मोहरीच्या सुट्या तेलाच्या विक्रीवर निर्बंध आले.

तुम्ही काय करू शकता?

- मोहरीचं तेल सुटं घेऊ नका. सीलबंद आणि लेबल असलेलंच घ्या.
- एकाच घरातल्या अनेकांच्या पायांवर एकदम सूज आली, तर लगेच डॉक्टरकडे जा आणि कोणतं तेल वापरलं ते सांगा. उरलेलं तेल फेकू नका, ते तपासता येतं.
- सोसायटीच्या आवारात पिवळा धोतरा उगवला असेल, तर बोंडं धरण्याआधी जाड हातमोजे घालून मुळासकट उपटा. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका.
- राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतलं कोणतंही झाड स्वतःहून उपटू नका. ते काम वनविभागाचं आहे.
- माळावर गोल काटेरी चेंडू दिसले, तर ती उंटकटारी असू शकते. तिला राहू द्या.