अ‍ॅजाइल आलं, दोरी राहिली

देहूरोडहून एक रस्ता हिंजवडीकडे जातो, दुसरा तळवड्यावरून चाकणकडे. आयटीवाले इकडे, कंपनीवाले तिकडे. (आपल्याकडे कंपनी म्हणजे कारखाना, बरं का!) दोन वेगळी जगं, असं मलाही वाटायचं.

अ‍ॅजाइलचा जाहीरनामा १७ जणांनी फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेत, युटामध्ये लिहिला. पण ‘स्क्रम’ हा शब्द ताकेउची आणि नोनाका या जपानी अभ्यासकांनी १९८६ मध्येच होंडा, कॅननसारख्या कंपन्यांच्या टीमबद्दल लिहिताना वापरला होता. कानबान तर थेट टोयोटाच्या कारखान्यातलं. तिथे आणखी एक सोय होती: दोष दिसला की साधा कामगारही दोरी ओढायचा आणि गरज पडली तर अख्खी लाइन थांबायची.

आम्ही बोर्ड आणला, रोजची स्टँड-अप आणली. दोरी नाही आणली. रिलीजची तारीख वरून आधीच ठरलेली. टीम लीड मी होतो. एक ज्युनियर म्हणाली, “सर, टेस्टिंग अर्धवट आहे, थांबूया का?” मी म्हणालो, “नंतर बघू.” मग ती रोज फक्त “ऑन ट्रॅक” म्हणायची. रिलीजच्या रात्री सिस्टीम बसली, तेव्हा तिच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

आता कोणी “थांबूया” म्हटलं, की मी आधी तारीख काढत नाही. वरचे चिडतात. चिडू देत.