रिव्हिएराचा बदललेला हंगाम

फ्रान्सच्या आग्नेय टोकाला, आल्प्स पर्वत आणि भूमध्य समुद्र यांच्यामधल्या रिव्हिएरा नावाच्या चिंचोळ्या पट्टीत कान, नीस आणि मांतों ही गावे वसली आहेत. उत्तरेचे गार वारे डोंगर अडवतात, म्हणून इथला हिवाळा सौम्य असतो. मांतोंच्या परिसरात लिंबाच्या बागाही बहरतात. परदेशी लोक या किनाऱ्यावर प्रथम आले ते या हिवाळ्यासाठीच.

छातीच्या विकाराने त्रस्त असलेला स्कॉटिश वैद्य आणि कादंबरीकार टोबायस स्मॉलेट १७६३ मध्ये नीसला येऊन राहिला. तेव्हा नीस सार्डिनियाच्या राज्यात होते. त्याचे प्रवासवर्णन १७६६ मध्ये छापले गेले आणि इंग्रज वाचकांना या गावाची ओळख झाली. पुढे तिथे इंग्रजांची वसाहतच झाली. १८२० च्या दशकाच्या सुरुवातीला कडाक्याच्या थंडीने हाताला काम न उरलेल्या गरिबांना त्यांनी समुद्रकाठचा रस्ता बांधण्याचे काम दिले. ‘इंग्रजांचा फिरण्याचा रस्ता’ याच अर्थाच्या नावाने तो आजही ओळखला जातो.

कानचे भाग्य योगायोगाने उजळले. १८३४ मध्ये इंग्लंडचे माजी लॉर्ड चॅन्सेलर हेन्री ब्रूम इटलीकडे निघाले होते. कॉलऱ्यामुळे सरहद्द बंद असल्याने ते या मच्छीमार गावात थांबले, तिथेच जमीन घेऊन त्यांनी घर बांधले आणि १८६८ मध्ये तिथेच त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्यामागून इतर श्रीमंतही आले. मांतोंची कीर्ती वाढवली ती डॉ. जेम्स हेन्री बेनेट यांनी. क्षयाने खंगलेले बेनेट १८५९ मध्ये तिथे आले आणि बरे झाले. त्यांच्या लेखनामुळे रुग्णांची रीघ लागली.

नीस १८६० मध्ये फ्रान्सला जोडले गेले आणि १८६४ मध्ये तिथे रेल्वे पोचली. घोडागाडीतला अनेक दिवसांचा खडतर प्रवास संपला, हॉटेले वाढली. १८८२ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधला. रोग संसर्गजन्य असल्याचे स्पष्ट झाल्यावर रुग्ण डोंगरातल्या आरोग्यधामांकडे वळू लागले आणि किनारा मुख्यतः धनिकांच्या विश्रांतीचा झाला. राणी व्हिक्टोरिया १८८२ मध्ये मांतोंला आली, नंतर नीसच्या सिमिए टेकडीवर मुक्काम करू लागली. १८९७ मध्ये तिथे ‘रेजिना’ हे भव्य हॉटेल उघडले.

उन्हाळ्यात मात्र हॉटेले बंद राहत. रापलेली कातडी शेतमजुराची मानली जाई, त्यामुळे सधन मंडळी उन्हापासून दूर राहत. पहिल्या महायुद्धानंतर ही दृष्टी बदलली. १९२३ मध्ये जेराल्ड आणि सारा मर्फी या अमेरिकन दांपत्याच्या आग्रहावरून याच किनाऱ्यावरच्या आंतीब गावाजवळचे एक मोठे हॉटेल उन्हाळ्यातही चालू राहिले. १९३६ मध्ये फ्रेंच कायद्याने कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली आणि समुद्रकाठची सुट्टी सामान्य कुटुंबांच्या आवाक्यात येऊ लागली.

या बदलात हिवाळी हॉटेलांचा आधार सुटला. ‘रेजिना’ची सदनिकांमध्ये विभागणी झाली आणि १९३८ पासून चित्रकार आंरी मातीस तिथे राहू लागला. ऊन पूर्वीचेच होते. त्याची किंमत आधी वैद्यकाने, मग रेल्वेने आणि शेवटी रजेच्या कायद्याने ठरवली. २०२१ मध्ये युनेस्कोने नीसला जागतिक वारसा यादीत स्थान दिले, ते हिवाळी मुक्कामाचे शहर म्हणून.