पुन्हा पहिले पाढे पंचावन्न

एका स्त्रीनें एकामागून एक असे तीन विवाह केले. लग्नानंतर थोड्याच काळांत प्रत्येक पति आजारी पडला आणि तिघांचीहि अखेरची शुश्रूषा तिलाच करावी लागली. व्हिएन्ना येथील डॉक्टर सिग्मंड फ्रॉइड यांनीं १९२० सालच्या आपल्या एका ग्रंथांत हें उदाहरण दिलें आहे. तेथेंच आणखीहि मंडळी भेटतात. ज्याचा प्रत्येक आश्रित कांहीं काळानें रागावून निघून जातो असा एक उपकारकर्ता. ज्याची प्रत्येक मैत्री विश्वासघातानेंच संपते असा एक गृहस्थ. 'सटवीनें कपाळीं लिहिलें तें कोण पुसणार' असें म्हणून आपण अशा ठिकाणीं मोकळे होतों. फ्रॉइडांचें म्हणणें असें कीं, हा लेख बहुतांशीं माणूस स्वतःच लिहितो, आणि त्याचीं अक्षरें बालपणीं गिरविलेलीं असतात. (पतींच्या आजारास ती बिचारी कशी जबाबदार, हें मात्र मला उमगलेलें नाहीं.)

या विचाराचें बीज मला त्यांच्या एका अपयशांत दिसतें. १९०० च्या ऑक्टोबरांत अठरा वर्षांची एक मुलगी वडिलांच्या आग्रहावरून त्यांच्याकडे उपचारासाठीं आली. लेखनांत तिला त्यांनीं 'डोरा' हें नांव दिलें. वडिलांच्या एका विवाहित स्नेह्यानें तिच्याशीं अतिप्रसंग केला होता, आणि वडील तिचें म्हणणें खरें मानीत नव्हते. अकरा आठवडे झाले. ३१ डिसेंबरला तिनें सांगितलें कीं, आज शेवटचा दिवस. हा निश्चय केव्हां केला, असें विचारतां ती म्हणाली, पंधरा दिवसांपूर्वीं. घरांतील मोलकरीण नोकरी सोडतांना देते तशीच ही सूचना झाली, असें फ्रॉइड बोलले. १९०५ मध्यें ही हकीकत छापतांना त्यांनीं कबूल केलें कीं, त्या गृहस्थावरचा सूड तिनें आपल्यावर उगविला, आणि तें आपल्याला वेळींच ओळखतां आलें नाहीं. एकावरचा भाव दुसऱ्यावर असा उतरणें यालाच भावसंक्रमण म्हणतात. पुढें १९१४ च्या निबंधांत त्यांनीं लिहिलें कीं, जें आठवत नाहीं तें माणूस कृतींत पुन्हा करून दाखवितो.

हें वाचतांना मीं पुस्तक मिटून ठेविलें होतें. माझ्या नोकरींत तीन हेडमास्तर झाले. पहिलें वर्ष मी प्रत्येकाची मर्जी सांभाळीत असें. दुसऱ्या वर्षीं मनांत आढी. तिसऱ्या वर्षीं अबोला. तिघांचे स्वभाव अगदीं भिन्न होते. माझे वडील फार कमी बोलत.

या ओढीचें कारण म्हणून फ्रॉइडांनीं १९२० मध्यें मृत्युप्रेरणेची कल्पना मांडली. ती त्यांच्या कित्येक अनुयायांनाहि पटली नाहीं. मलाहि ती ओढूनताणून आणलेली वाटते. पुढच्या पिढीनें निराळा मार्ग शोधला. शिकागोचे फ्रान्झ अलेक्झांडर व टॉमस फ्रेंच यांनीं १९४६ च्या ग्रंथांत म्हटलें कीं, नुसती आठवण पुरत नाहीं. जुन्याच वागण्याला या खेपेस नवें उत्तर मिळालें पाहिजे. दाखला दिला तो ह्यूगोच्या कादंबरींतील जाँ व्हालजाँचा: ज्याची चांदीचीं भांडीं चोरलीं, त्या बिशपानेंच त्याला वांचविलें.

१९७७ मध्यें पॉल वॉक्टेल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें मनोविश्लेषण व वर्तनोपचार यांची सांगड घातली. त्याचें म्हणणें मला सर्वांत पटतें. स्वतःच्या रागाला भिणारा माणूस अति नमतें घेतो. लोक त्याला गृहीत धरतात, म्हणून आंत राग वाढतो, आणि तो आणखी नमतो. बालपण दूर राहिलें. चक्र आज चालू आहे, आणि भोवतालचीं माणसें नकळत त्यांत साथीदार होतात. मग जुनें समजून घेणें आणि आज स्पष्ट 'नाहीं' म्हणण्याचा सराव करणें, हीं दोन्हीं कामें बरोबरच करावीं लागतात.

साथीदार या शब्दावरून पुन्हा डोरा आठवते. १ एप्रिल १९०२ रोजीं ती फ्रॉइडांकडे परत आली. चेहऱ्याच्या एका बाजूस कळा येत होत्या. मदत हवी होती. तिच्या चेहऱ्याकडे पाहतांच त्यांनीं ठरविलें कीं, हिची मागणी मनापासूनची नाहीं. अधिक पुरा उपचार करण्याचें समाधान तिनें हिरावून घेतलें, याबद्दल तिला क्षमा करण्याचें त्यांनीं वचन दिलें. उपचार मात्र पुन्हा सुरू केले नाहींत.