शेव्हर्लेच्या लहान मोटारी (महाराष्ट्र)

अमेरिकेच्या जनरल मोटर्स (जीएम) कंपनीने शेव्हर्ले या नावाखाली भारतात विकलेल्या छोट्या गाड्या. स्पार्क, बीट व सेल या त्यांतील प्रमुख. पहिल्या दोन मुख्यतः पुणे जिल्ह्यातील तळेगाव दाभाडे येथील कारखान्यात बनत. देशांतर्गत विक्री २०१७ अखेर थांबली. रस्त्यावरच्या गाड्या मात्र चालू आहेत आणि त्यांच्याविषयीचे वादही. ‘नाव अमेरिकेचे, गाडी कोरियाची, मग इंजिन कोणाचे?’ हा त्यातला मुख्य वाद. पुढे मालकांची म्हणून दिलेली मते मुख्यतः जामखेड, कर्जत व आष्टी या पट्ट्यात ऐकू येणारी आहेत. पुण्या-मुंबईच्या मालकांचा अनुभव वेगळा असू शकतो.

पूर्वपीठिका : जीएमने १९२८ साली मुंबईत शिवडी येथे जुळणी कारखाना काढला. सुटे भाग जहाजाने येत आणि इथे गाडी उभी राही. पुढे केवळ जुळणी करणाऱ्यांना सरकारी धोरणात जागा उरली नाही आणि १९५४ मध्ये हा कारखाना बंद झाला. दरम्यान वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यात क्रायस्लरशी करार करून डॉज व प्लिमथ गाड्या बांधल्या होत्या. एकच सांगाडा घेऊन त्यावर वेगवेगळे बिल्ले लावण्याची रीत महाराष्ट्राला तेव्हापासून परिचित आहे. जीएम परतली ती १९९० च्या दशकात, हिंदुस्थान मोटर्सबरोबर भागीदारी करून, गुजरातेतील हालोल येथे आणि ओपेल हे जर्मन नाव घेऊन. शेव्हर्ले हे नाव २००३ मध्ये ऑप्ट्रा गाडीबरोबर आले.

लहान मोटार म्हणजे काय : अमेरिकेत ज्या गाडीला कॉम्पॅक्ट म्हणतात ती आपल्याकडे चांगली ऐसपैस ठरते. भारतात ही मर्यादा कराने घालून दिली. २००६ च्या अर्थसंकल्पाने चार मीटरच्या आतली लांबी आणि पेट्रोलला १,२०० सीसी, डिझेलला १,५०० सीसीपर्यंतचे इंजिन असलेल्या गाड्यांवरील उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आणले. बीटच्या पेट्रोल इंजिनाचा आकडा १,१९९ का, याचे उत्तर यात आहे. सेलची हॅचबॅक (सेल यू-व्हीए) या मापात बसते, तिचीच सेडान बसत नाही.

स्पार्क : एप्रिल २००७ मध्ये बाजारात आली. तळेगावचा कारखाना सप्टेंबर २००८ मध्ये सुरू झाला आणि तिथून बाहेर पडलेली पहिली गाडी हीच. लांबी ३,४९५ मिमी, दोन्ही आसांमधील अंतर २,३४५ मिमी, इंजिन ९९५ सीसी, चार सिलिंडर.

स्पार्कची वंशावळ या नोंदीत थोडी सविस्तर देणे भाग आहे, कारण मालकांच्या निम्म्या वादांचे मूळ तिथे आहे. कोरियाच्या देवू कंपनीची मॅटिझ भारतात १९९० च्या दशकाच्या शेवटी आली. तिचा आकार इटलीतील जुजारो यांच्या इटालडिझाइन संस्थेने लुचिओला या नमुना-गाडीवरून घडवला होता. तो नमुना आधी फियाटपुढे मांडला गेला होता. मॅटिझच्या आधीची देवूची छोटी गाडी टिको. ती सुझुकी आल्टोवरून घेतलेली, आणि तिचे ७९६ सीसीचे इंजिन सुझुकीच्या एफ८ घराण्यातले. मारुती ८०० चे इंजिनही त्याच घराण्यातले. मॅटिझच्या इंजिनावर पुढे बरेच काम झाले, तरी मूळ तेच असे बहुतेक जाणकार मानतात. देवू बुडाल्यावर २००२ मध्ये जीएमने तिचा कोरियातील मोटार व्यवसाय घेतला. भारतातला कारखाना त्या व्यवहारात आला नाही. मॅटिझची दुसरी पिढी कोरियात २००५ मध्ये निघाली आणि तीच इथे शेव्हर्लेचा सोनेरी ‘बो-टाय’ लावून स्पार्क झाली.

म्हणून ‘स्पार्क म्हणजे आतून मारुतीच’ असे जे छातीठोकपणे सांगितले जाते त्यात इतिहास म्हणून थोडे तथ्य आहे, व्यवहार म्हणून काहीच नाही. भारतीय स्पार्कचे इंजिन चार सिलिंडरचे, मारुती ८०० चे तीन सिलिंडरचे. मारुतीचा एखादा भाग स्पार्कला बसेल या आशेवर कोणी दुकानात गेले तर हात हलवत परत यावे लागते. जुन्या मॅटिझचे भागही सरसकट चालत नाहीत. नमुना हातात धरून, जुन्या-नव्याची भोके जुळवूनच घ्यावे लागते. स्पार्कमध्ये टायमिंग बेल्ट आहे, चेन नाही. सेकंडहँड गाडी घेताना ‘बेल्ट कधी बदलला?’ हा प्रश्न अ‍ॅव्हरेजच्या आधी विचारावा, असे कोणताही जुना मिस्त्री सांगेल. पट्टा तुटला की हेडचे काम निघते आणि ते स्वस्त नसते.

स्पार्कची कीर्ती शहरात चालवायला सोपी, एसी चांगला, आवाज कमी अशी. तक्रार पिकअपची. चार माणसे, डिकीत सामान आणि एसी चालू असताना जामखेडहून सौताड्याकडे घाट चढताना दुसरा गिअर सोडवत नाही असे मालक म्हणतात. उलट बाजू मांडणारेही आहेत : हजार सीसीच्या आतल्या इंजिनाकडून घाटात आणखी काय अपेक्षा धरायची?

बीट : न्यूयॉर्कच्या २००७ च्या मोटार प्रदर्शनात जीएमने बीट, ग्रूव्ह व ट्रॅक्स असे तीन नमुने मांडले व लोकांची पसंती मागवली. पसंती बीटला मिळाली. तिच्यावरून बनलेली गाडी जगभर स्पार्क या नावाने विकली गेली. भारतात ते नाव आधीच दिलेले होते, म्हणून जानेवारी २०१० मध्ये ती इथे बीट झाली. परिणामी परदेशातील ‘स्पार्क’विषयीची माहिती आपल्या स्पार्कला लावून घातलेले वाद पुष्कळ. २०१२ मध्ये अमेरिकेत आलेली स्पार्क म्हणजे आपली बीट. त्या अर्थाने स्पार्क, बीट व सेल या तिघींत अमेरिकेचा रस्ता खरोखर पाहिलेली हीच एक गाडी.

लांबी ३,६४० मिमी, आसांमधील अंतर २,३७५ मिमी, म्हणजे स्पार्कपेक्षा जेमतेम ३० मिमी जास्त. एवढ्यावरून बीट ही स्पार्कच्याच प्लॅटफॉर्मवर असल्याचे काहीजण सांगतात. कोणी तिला जीएमच्या जागतिक ‘गामा’ प्लॅटफॉर्मच्या दुसऱ्या पिढीत घालतात, तर कोणी तिला एम-३०० हे स्वतंत्र सांकेतिक नाव देऊन वेगळी ठेवतात. प्लॅटफॉर्म म्हणजे नेमके काय मोजायचे, हे प्रत्येक कंपनी सोयीने ठरवते, त्यामुळे हा मुद्दा इथे खुला ठेवला आहे. मागच्या दारांच्या मुठी खिडकीच्या काळ्या कोपऱ्यात लपवलेल्या असल्याने पहिल्यांदा बसणारा माणूस दार शोधत गाडीभोवती फिरतो. स्टीअरिंगमागचा मीटर मोटारसायकलच्या मीटरसारखा सुटा बसवलेला आहे. त्यावर कौतुक आणि चेष्टा दोन्ही झाली.

पेट्रोल इंजिन १,१९९ सीसीचे, सोळा व्हॉल्व्हचे, चेनवर चालणारे. जुलै २०११ मध्ये आलेले डिझेल इंजिन ९३६ सीसीचे, तीन सिलिंडरचे. त्या वेळी देशात विकल्या जाणाऱ्या मोटारींतील सर्वांत लहान डिझेलांपैकी एक. त्याची कुळकथा पुढील परिच्छेदात.

फियाटचे १.३ मल्टिजेट व त्याची पिलावळ : जीएम आणि फियाट २००० ते २००५ या काळात इंजिनांच्या बाबतीत भागीदार होत्या. त्या काळातले १,२४८ सीसीचे चार सिलिंडरचे छोटे डिझेल इंजिन भारतात इतक्या गाड्यांत गेले की ते देशाचेच डिझेल इंजिन असल्याचे विनोदाने म्हटले जाई : मारुतीची स्विफ्ट, डिझायर व रिट्झ, टाटाची इंडिका व्हिस्टा व मांझा, फियाटची पुंटो व लिनिया. नगर-पुणे रस्त्यावरील रांजणगावच्या कारखान्यात ते बनत होते. सेलचे डिझेल इंजिन हेच, जीएमने स्वतःच्या नावाने घेतलेले.

बीटचे डिझेल म्हणजे याच इंजिनातला एक सिलिंडर कमी केलेला अवतार. हिशेब सोपा आहे. १,२४८ भागिले चार म्हणजे ३१२. ९३६ भागिले तीन म्हणजेही ३१२. पिस्टनचा व्यास ६९.६ मिमी व धाव ८२ मिमी दोन्हीकडे सारखी. तरी क्रँक, ब्लॉक, हेड व गॅस्केट वेगळे, कारण सिलिंडरच वेगळ्या संख्येने. तालुक्याच्या गावी याचा अर्थ असा की सेल डिझेल उघडली तर मिस्त्रीला आत ओळखीचे घर दिसते, कारण त्याने दहा-वीस स्विफ्ट आधी उघडलेल्या असतात. बीट डिझेल उघडली तर अर्धे घर ओळखीचे असते आणि उरलेले भाग नगरहून किंवा पुण्याहून मागवावे लागतात. जामखेड ते नगर अंतर सुमारे ७५ किलोमीटर. एका गॅस्केटसाठी गाडी दोन दिवस उभी, ही बीट डिझेलवाल्यांची नेहमीची कैफियत आहे. अ‍ॅव्हरेजबद्दल मात्र तेच मालक खूश असतात. कंपनीचा दावा लिटरला २४ किलोमीटरचा होता. प्रत्यक्ष आकडा प्रत्येकजण स्वतःचा सांगतो आणि तो सहसा दुसऱ्याला पटत नाही.

संकलकाच्या मते मालकांच्या चर्चेत प्लॅटफॉर्मला जेवढे महत्त्व मिळते तेवढे ते नाही. गाडी बंद पडलेल्या गावात प्लॅटफॉर्म कोणाचा याने फरक पडत नाही. इंजिन आणि सस्पेन्शनचे भाग कोणत्या खपाऊ गाडीशी जुळतात याने पडतो. या कसोटीवर तिघींत सेल डिझेल पहिली, स्पार्क दुसरी, बीट डिझेल शेवटची. दिसण्यात हा क्रम उलटा लागेल.

सेल : चीनमधील शांघाय येथील जीएमच्या भागीदारीत तयार झालेली. हॅचबॅक नोव्हेंबर २०१२, सेडान २०१३. आत जागा भरपूर.

अ‍ॅव्हिओ यू-व्हीए : देवू कालोसवरून घेतलेली. हालोलची.

टवेरा : लहान मोटार नव्हे. तरीही या भागात शेव्हर्ले म्हटले की आधी तिचेच नाव निघते, म्हणून उल्लेख. मूळ जपानच्या इसुझुची पँथर, २,४९९ सीसीचे डिझेल, मजबूत चेसिस. लग्नाचे वऱ्हाड, पंढरपूर-अक्कलकोटच्या फेऱ्या आणि भाड्याचा धंदा तिने वाहिला. उत्सर्जन चाचणीतील गैरप्रकार उघड झाल्यावर जुलै २०१३ मध्ये कंपनीने सुमारे १ लाख १४ हजार टवेरा परत बोलावल्या. गाडी रस्त्यात दगा देत नाही या तिच्या गावाकडच्या लौकिकाला त्यामुळे फारसा धक्का बसला नाही. शोरूममधल्या नव्या गिऱ्हाइकाच्या विश्वासाला बसला.

इतर अमेरिकी नावे : फोर्डने १९९० च्या दशकात महिंद्राबरोबर नाशिक येथे एस्कॉर्ट जुळवली, पुढची आयकॉन (१९९९) व फिगो (२०१०) चेन्नईजवळच्या कारखान्यातील. फोर्डने भारतातील उत्पादन थांबवण्याची घोषणा सप्टेंबर २०२१ मध्ये केली. रांजणगावला २०१७ पासून जीप कंपास बनते. तिचा प्लॅटफॉर्म जीप रेनेगेड व फियाट ५००एक्स यांच्याशी सामायिक आहे. अमेरिकेत ती कॉम्पॅक्ट वर्गातली. लांबी ४,३९५ मिमी असल्याने आपल्या कराच्या भाषेत ती लहान ठरत नाही. उजव्या बाजूला स्टीअरिंग असलेल्या काही देशांना ती इथून गेली. महिंद्राच्या विलिस वंशाच्या जीपगाड्यांची माहिती ‘जीप’ या नोंदीत.

बाजारातून माघार : १८ मे २०१७ रोजी जीएमने वर्षअखेर भारतातील विक्री बंद करण्याचे जाहीर केले. हालोलचा कारखाना चीनच्या एसएआयसीकडे गेला व तिथे एमजी गाड्या बनू लागल्या. तळेगावात निर्यातीसाठी, मुख्यतः मेक्सिकोकरिता, डाव्या स्टीअरिंगच्या बीट बनत राहिल्या. डिसेंबर २०२० मध्ये तेही थांबले. चीनच्या ग्रेट वॉल कंपनीशी २०२० मध्ये झालेला विक्रीचा करार पुरा होऊ शकला नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईने हा कारखाना घेण्याचा करार केला. कामगारांच्या नुकसानभरपाईचा प्रश्न न्यायालयात गेला; त्याचा तपशील इथे दिलेला नाही.

विक्री थांबल्यावरही सेवा व सुटे भाग पुरवण्याची हमी कंपनीने दिली होती. तरी जुन्या बाजारातले भाव घोषणेबरोबर उतरले. ज्यांनी त्या पडत्या भावात स्पार्क किंवा सेल घेतली त्यांना सौदा लाभला, ज्यांनी २०१६ मध्ये नवी बीट घेतली त्यांना नाही. एमएच-१६ (नगर) पासिंगची, एका हाताची, कमी चाललेली पेट्रोल बीट आजही लवकर खपते. डिझेलला गिऱ्हाईक थांबून विचार करते.

सद्यःस्थिती : खासगी मोटारीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. तळेगावात २००८ मध्ये बनून त्याच वर्षी रस्त्यावर आलेल्या स्पार्कची मुदत २०२३ मध्ये संपली. त्यापुढे आरटीओकडे गाडी दाखवून, पर्यावरण कर भरून नोंदणी ५ वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. बीटच्या पहिल्या तुकडीची मुदत २०२५ मध्ये भरली.