सी आणि डी एकदम

नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून पुढची काही वर्षं भंडारा जिल्ह्यातल्या तुमसरच्या बाजारातल्या व्हिडिओ गेम पार्लरच्या मशिनी दुरुस्त करणं हा माझा जोडधंदा होता. मुख्य काम टीव्हीचं. पार्लर म्हणजे सलूनशेजारची नाहीतर किराणा दुकानामागची एक खोली. दाराला जाड पडदा, आत तीन-चार लाकडी कॅबिनेट आणि प्रत्येक कॅबिनेटपुढे गणवेशातली पोरं. गावाच्या लेखी ती पोरं वाया गेलेली होती. त्यांच्या बोटांतलं कसब मी रोज पाहिलं आणि त्याची नोंद कुठेच झाली नाही, म्हणून हे लिहितोय.

ती पोरं खेळत त्या लढाईच्या गेमचा इतिहास साधारण 1991 पासून सांगतात. त्या वर्षी जपानच्या कॅपकॉम कंपनीचा ‘स्ट्रीट फायटर टू’ आला. त्यात रियू आणि केन या पात्रांकडे शोर्यूकेन होता, म्हणजे उसळी घेत वर मारलेला ठोसा. स्टिक पुढे, मग खाली, मग खाली-पुढे तिरकी आणि ठोशाचं बटण. या उसळीच्या सुरुवातीला समोरच्याचा फटका लागतच नाही. खाली पडलेला खेळाडू उठल्याबरोबर पहिल्याच क्षणी शोर्यूकेन काढू शकला, तर डोक्यावर चढून बसलेला प्रतिस्पर्धी उलटा आडवा होतो. हा क्षण मोजायचा तर सेकंदाचे साठ भाग करून मोजावा लागतो. चुकलं, तर हवेतून खाली येताना अंग उघडं पडतं आणि सगळा मार खावा लागतो. 1993 च्या ‘सुपर स्ट्रीट फायटर टू’मध्ये हे साधलं की पडद्यावर ‘रिव्हर्सल’ अशी अक्षरं उमटू लागली. पोरांच्या तोंडी मात्र तो शब्द कधीच नव्हता. ती म्हणत, ‘कोन्यातून काढलं’.

आमच्याकडे स्ट्रीट फायटर फार टिकला नाही, आणि त्याचं कारण तारांमध्ये होतं. आर्केड मशिनीत गेमचा बोर्ड ज्या 56 पिनांच्या जोडणीला बसतो, ती जॅमा नावाची जपानी पद्धत 1985 ची. त्यात एका खेळाडूला मुळात तीनच बटणं. स्ट्रीट फायटरला सहा लागतात, म्हणजे लाथांच्या तीन बटणांसाठी वेगळी वायर ओढा, पॅनेलला नवी भोकं पाडा. छोट्या मालकाला हा खर्च नको असायचा. एसएनके कंपनीचा 1997 चा ‘किंग ऑफ फायटर्स’ मात्र चार बटणांचा. चौथं बटण त्याच जोडणीतल्या मोकळ्या पिनेवर भागायचं. नागपूरच्या सीताबर्डीतून बोर्ड आणला, पॅनेलला एक भोक वाढवलं, की संध्याकाळी गेम चालू. बोर्ड बहुतेक नकली, कॅबिनेटवर डाव समजावणारा कागदही नाही. तरी ‘सत्त्याण्णव’ म्हटलं की काय, हे सगळ्या पोरांना कळायचं.

या सत्त्याण्णवमध्ये दाबातून सुटायची सोय शोर्यूकेनपेक्षा वेगळी होती, आणि माझ्या मते जास्त न्यायाची. खेळाडू निवडण्याआधी ॲडव्हान्स्ड मोड घेतला, की मारामारी करता करता पॉवर साठते, जास्तीत जास्त तीन. समोरच्याने पडद्याच्या कोन्यात धरलं, फटक्यावर फटका चालू आहे, तुम्ही स्टिक मागे ओढून अडवताय. अशा वेळी अडवतानाच सी आणि डी, म्हणजे जोराचा ठोसा आणि जोराची लाथ, एकदम दाबायची. साठलेली एक पॉवर जाते आणि तुमचा गडी अंगाच्या एका धक्क्याने समोरच्याला उडवतो. ए आणि बी एकदम दाबलं तर तीच किंमत मोजून त्याच्यामागे लोळून निघता येतं. याला गार्ड कॅन्सल म्हणतात. याच एका पॉवरमध्ये मोठा डावही मारता येतो. म्हणजे आता जीव वाचवायचा की पुढे मारायचं, हे मार खाता खाताच ठरवायचं.

इथे माझं काम यायचं. बटणाखाली एक छोटा मायक्रोस्विच असतो, त्याच्या आत पितळी पाती. सगळी पोरं सीवरच जोर काढत, त्यामुळे ती पाती आधी झिजायची. अर्धवट लागणाऱ्या सीवर हल्ला करता येतो, कारण एक ठोसा चुकला तर दुसरा मारता येतो. सुटका मात्र होत नाही. सी आणि डी जवळपास एकाच क्षणी लागले नाहीत, तर नुसती लाथ निघते, नाहीतर काहीच निघत नाही, आणि गडी कोन्यातच मरतो. तक्रार घेऊन येणारी पोरं मालकाच्या आधी माझ्याकडे यायची. “भाऊ, एक नंबरचा सी बसते गा, कोन्यातून निघताच येत नाही.” स्विच बदलताना ती माझ्या खांद्यावरून वाकून पाहत. चांगला स्विच दाबला की ‘टक्’ असा कोरडा आवाज येतो. दोन बटणांचा मिळून एकच टक् ऐकू आला, तरच ती मशीन सोडायची.

हे शिकणारी पोरं कोण होती, हे मला महत्त्वाचं वाटतं. जिंकणारा मशीनवर राहायचा, हरणाऱ्याने नवा रुपया टाकायचा, असा सगळीकडचा रिवाज होता. गिरणीमालकांच्या पोरांकडे खिसाभर नाणी असत. ती मोठे डाव मारायला शिकली. राइस मिलमध्ये पोती उचलणाऱ्यांची आणि चिखला, डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणींकडून येणारी पोरं एक नाणं घेऊन येत. त्यांना हरणं परवडत नव्हतं. ती आधी तासन्‌तास बाजूला उभी राहून पाहत आणि मशीन हाती आली की अडवायला शिकत. गार्ड कॅन्सल आमच्या भागात आधी त्यांच्या हाताला बसला. शिकवण्याची रीतही त्यांचीच. एकजण दुसऱ्याला कोन्यात घेऊन मुद्दाम तेच तेच फटके मारायचा आणि म्हणायचा, “घाबरू नोको, मोज. तिसऱ्यावर दाब.” मग लोडशेडिंगमध्ये मशीन बंद पडली, तरी पोरं काळ्या पडद्यासमोर बटणं दाबत उभी राहत.

दाबातून सुटायच्या या विद्येला जगात पुढे बरीच वळणं लागली. कॅपकॉमने 1995 च्या ‘स्ट्रीट फायटर अल्फा’मध्ये अडवता अडवता पॉवर खर्चून उलट मारायची सोय दिली. 1997 च्या ‘स्ट्रीट फायटर थ्री’ने तर अडवणंच बदललं: येणाऱ्या फटक्याच्या दिशेने स्टिक नेमक्या क्षणी टेकवली की मार लागत नाही. 2004 साली कॅलिफोर्नियातल्या ईव्हो या लढाईच्या गेमच्या स्पर्धेत दाइगो उमेहारा या खेळाडूच्या केनचा जीव जेमतेम उरला होता. जस्टिन वाँगच्या चुन-लीचे पंधराच्या पंधरा फटके त्याने असे टेकवून झेलले आणि उलटून डाव जिंकला. त्या डावाची चित्रफीत मी फार उशिरा पाहिली. पाहताना मला त्या पोरांची बोटं आठवत होती.

एसएनकेचं दिवाळं 2001 मध्येच निघालं होतं, पण आमच्या मशिनी त्यानंतरही चालल्या. मग सायबर कॅफे आले, मोबाइल आले, कॅबिनेटचं लाकूड भंगारात गेलं. 2023 च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत ‘स्ट्रीट फायटर फाइव्ह’ पदकासाठी खेळवला गेला. भारताकडून मयंक प्रजापती आणि अयान बिस्वास खेळले. सुवर्ण जिंकलं दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू याने, वयाच्या 44 व्या वर्षी. तेवढ्याच वयाची माझी जुनी गिऱ्हाइकं आज तुमसरात दुकानं चालवतात.

माझा भाचा भंडाऱ्याला असतो, कॉम्प्युटरवर ‘स्ट्रीट फायटर सिक्स’ खेळतो. त्यात ड्राइव्ह नावाच्या सहा पट्ट्या आधीच भरलेल्या मिळतात. अडवताना उलटून मारायचं तर दोन जातात. पण नुसतं अडवत बसलं तरी पट्टी घटत जाते आणि पूर्ण संपली की सुटायचा हा मार्गच बंद होतो. भाच्याला हा नियम आवडतो. त्याच्या मते त्यामुळे कुणी लपून बसत नाही. मला तो पटत नाही. सत्त्याण्णवमध्ये कितीही अडवलं तरी साठवलेली पॉवर तुमचीच राहायची, आणि एकच रुपया घेऊन आलेल्या पोराला वाट पाहायला जागा होती.