पूर ओसरल्यावरचा ताप

लेप्टोस्पायरोसिस, लोकांच्या तोंडचा ‘लेप्टो’, हा पुरानंतरचा आजार आहे. उंदीर, घुशी, कुत्री आणि गुरे यांच्या लघवीतून त्याचे जंतू बाहेर पडतात, साचलेल्या पाण्यात व चिखलात कित्येक दिवस तग धरतात आणि पायाच्या भेगांतून, जखमांतून माणसाच्या शरीरात शिरतात. ताप यायला बहुधा 5 ते 14 दिवस लागतात. तोवर पाणी ओसरलेले असते आणि पुराची आठवणही मागे पडू लागलेली असते.

जर्मन वैद्य आडॉल्फ वाइल यांनी 1886 मध्ये या आजाराच्या कावीळयुक्त, गंभीर रूपाचे वर्णन केले. जपानमधील क्यूशू बेटावरच्या कोळसा खाणींत तो नेहमीचाच होता. तेथे इनादा आणि इदो यांनी 1915 मध्ये त्याचा जंतू शोधला. पुढे बराच काळ हा खाणकामगार, भातशेतीतले मजूर आणि गटारे उपसणारे यांचाच रोग मानला गेला.

प्रतिबंधाची वाट सापडली ती पनामाच्या जंगलात. 1982 मध्ये तेथे प्रशिक्षण घेणाऱ्या 940 अमेरिकी सैनिकांपैकी निम्म्यांना डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाची 200 मिलिग्रॅमची मात्रा आठवड्यातून एकदा देण्यात आली, उरलेल्यांना औषध नसलेली गोळी. औषध न मिळालेल्यांपैकी 20 जण आजारी पडले, औषध घेतलेल्यांपैकी एकच. मात्र हे सगळे धडधाकट तरुण होते आणि त्यांच्यावर शिस्तीचा पहारा होता. पुरात घर गमावलेल्या कुटुंबाची गोष्ट वेगळी असते.

29 ऑक्टोबर 1999 च्या महाचक्रीवादळानंतर ओरिसात लेप्टोची साथ आढळली. 26 जुलै 2005 रोजी मुंबईतील सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. त्यानंतरच्या आठवड्यांत मुंबईतही रुग्ण वाढले.

ऑगस्ट 2018 मधील केरळचा पूर या इतिहासात सर्वांत बोधक ठरतो. दहा लाखांहून अधिक लोक छावण्यांत होते. छावणीत मुख्य काळजी पाण्याच्या क्लोरिनीकरणाची, शौचालयांची आणि गोवर-अतिसारासारख्या गर्दीच्या रोगांची असते, आणि ती रास्तच आहे. लेप्टोची गाठ मात्र छावणी सोडल्यावर पडली. माणसे घरी परतली, अनवाणी पायांनी गाळ उपसू लागली, आणि ऑगस्टअखेरीस तापाचे रुग्ण वाढले. आरोग्य विभागाने गाळात उतरणाऱ्या सर्वांना, स्वयंसेवकांनाही, डॉक्सिसायक्लिन वाटायला घेतले. म्हणजेच प्रतिबंधाचे काम छावणी उठते त्या दिवशी संपत नाही. या आजारापुरते ते तेव्हा ऐन भरात यायला हवे. गोळ्या, गमबूट आणि रबरी हातमोजे कुटुंबाच्या हाती परतण्याआधीच पडायला हवेत.

लहान मुलांना आणि गरोदर स्त्रियांना ही गोळी सहसा देत नाहीत. त्यांच्यासाठी डॉक्टर दुसरे औषध निवडतात. गोळी घेतली तरी संरक्षण पूर्ण नसते. पुराच्या पाण्यात किंवा गाळात उतरल्यानंतर महिनाभरात ताप आला, तर अंगावर काढू नये आणि पाण्यात उतरल्याचे डॉक्टरांना आपणहून सांगावे.